उभ्या माणसाचं टेबल

देवळीत नवीन आलेल्या माणसाला त्यांचं आडनाव उभे आहे असंच वाटायचं. मलाही वाटलं होतं. शाळेत रुजू झाले, बाजारओळीमागच्या त्यांच्या घराचा शेजारचा अर्धा भाग भाड्याने घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात नळाचं पाणी येईना म्हणून कुंपणापाशी जाऊन मोठ्या अदबीने "उभेकाका" अशी हाक मारली. गृहस्थ वळले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बोला बाई," एवढंच म्हणाले. आत स्वयंपाकघरात मात्र कुणीतरी पोट धरून हसत सुटलं.

"अवं मायबाई, उभे आडनाव नाई त्यायचं," पदराने डोळे पुसत सिंधूकाकू बाहेर आल्या. "थे बसत नाई कुठी, म्हणून लोकं उभे शेठ म्हणते!"

खरं नाव माणिकराव. वडिलांपासूनचं कापडाचं दुकान. आता कापडाच्या दुकानातल्या शेठने गादीवर बसावं, लोडाला टेकावं, आणि नोकराला नुसत्या हनुवटीने "ते हिरवं काढ" सांगावं, ही जगाची रीत. माणिकराव मात्र गादीच्या कडेला उभे. कापडाचं थान स्वतः काढायचे, स्वतः उलगडायचे, मध्येच रस्त्यावर येऊन आर्वीची गाडी आली का बघायचे, परत जाऊन कापायचे. कात्री हातात नसली तर किल्ल्या असायच्या, किल्ल्या नसल्या तर शर्टाचं वरचं बटण. त्यांच्या शर्टांना वरचं बटण कधी टिकलं नाही. कापडवाल्याचा शर्ट बिनबटणाचा, म्हणून काकू कपाळाला हात लावायच्या.

लग्नात ते पंगतीला बसल्याचं कुणाला आठवत नाही. वाढप्याच्या हातातली जिलबीची परात हिसकून घेत आणि ओळीतून फिरत. एसटीत जागा मिळाली तरी दांडा धरून उभे. "उतराचंच तं हाये," म्हणत. अरे, वर्ध्याला उतरायचं आणि देवळीला चढलेले! न्हाव्याकडे तेवढे बसायचे, आणि तोही म्हणे की शेठची दाढी करताना देवाचं नाव घ्यावं लागतं. मला तर त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की मैदानाला चक्कर मारून आल्यासारखा दम लागे. माझा स्वभाव उलटा. एकदा खुर्ची धरली की चहा गार होईपर्यंत मी हलत नाही, आणि शेजारी कुणी येरझाऱ्या घालू लागलं की माझं डोकं फिरतं.

पाहुण्याला पोहोचवणं हे त्यांचं दैवत होतं. घरी कुणीही येवो, जाताना उभे शेठ पिशवी काढून घेत आणि थेट बसस्टँडपर्यंत जात. नुसतं सोडून येणं नाही. गाडी लागेपर्यंत उभे, पाहुणा चढला की खिडकीखाली उभे, गाडी हलली की हात वर करून उभे. सुट्टीला मी आर्वीला माहेरी निघाले की माझी बॅग माझ्याआधी फाटकाबाहेर गेलेली असायची. "चाला बाई, गाडी कोनाची वाट पाह्यत नाई." गाडीला चांगला अर्धा तास असायचा. मी चिडायचे आणि त्यांच्या मागे जवळजवळ पळायचे.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कापड मोजताना मीटरपट्टी संपली की ते डाव्या हाताची चार बोटं पुढे टेकवायचे आणि त्या बोटांपलीकडे कात्री लावायचे. गिऱ्हाईक कुणीही असो, चार बोटं जास्त. मुलगा प्रशांत वैतागायचा. माणिकराव त्याला शांतपणे सांगायचे, "कापड धुतल्यावर आटते. जास्तीचं कापता येते रे, कमीचं जोडता येत नाई." आसपासच्या खेड्यांतल्या बायका त्या चार बोटांसाठी देवळीला येत, हे प्रशांतलाही माहीत होतं.

असा हा माणूस एक दिवस दुकान प्रशांतच्या हवाली करून घरी राहिला. प्रशांत आणि सून वर्धा रोडवरच्या नव्या घरात. इकडे दोघंच. दिवसभर अंगणात त्यांच्या चपलांचा आवाज. तुळशीपासून फाटक, फाटकापासून मोरी, मोरीपासून पुन्हा तुळस. काकू म्हणायच्या, "बाई, तुले सांगू, दुकान बंद झालं नाई. दुकान घरी आलं."

त्यांचं जेवणही तसंच. काकू पाटावर ताट मांडायच्या, हे उकिडवे बसायचे, दोन घास खाऊन पोळीचा तुकडा हातात घेऊन फाटकाशी जाऊन यायचे, भात कालवून ठेवून फोन घ्यायचे, "आलोच" म्हणून विहिरीची मोटर बंद करायला जायचे. काकूंचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं: "यायचं जेवन म्हणजे एसटीचा थांबा. वाहकानं घंटी मारली का निंगाले."

आणि काकू कधी जेवायच्या? हा प्रश्न माणिकरावांना संसारात कधी पडलाच नव्हता. ते जेवून दुकानात जात, मागे काकू जेवत असणार, झालं. मला मात्र दिसायचं, कारण माझी खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर. काकूंचे गुडघे गेले होते. खाली बसलं की उठणं व्हायचं नाही. म्हणून मागचं आवरून झालं की ओट्यापाशी उभ्या राहून, ताटलीत घेऊन, सावकाश जेवायच्या.

एका दुपारी माणिकराव चष्मा विसरला म्हणून फाटकातून परत फिरले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांनी माझ्या दारात. उभे, अर्थात. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं काकू पडल्या.

"बाई, थे उभ्यानं जेवते."

"हो काकाजी. गुडघ्यांमुळे."

"तुमाले मालूम होतं?"

मी मान डोलावली. ते दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. मग एकदम म्हणाले, "अख्ख्या गावात उभा मी. थे काऊन उभी?"

"खुर्चीवर बसून जेवतील की," मी म्हणाले. "अन् ताट कुठी ठेवन? हवेत?" असं म्हणून ते निघूनही गेले. संध्याकाळी त्यांनी प्रशांतला बोलावलं. तो भला मुलगा. लगेच म्हणाला, "बाबा, वर्धेहून काचेचं डायनिंग टेबल आणून देतो. दोन दिवसांत घरपोच." माणिकरावांनी तिथल्या तिथे नकार दिला. काचेवर ताट ठेवलं की आवाज होतो, हे कारण. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी छताकडे.

त्याच सुमारास दुकानाचा नवा थाट सुरू होता. काचेचे दरवाजे, पांढरे दिवे, पुतळे. जुनी गादी निघाली. गादीखाली सागवानी फळ्या होत्या, चार बोटं जाड, वर्षानुवर्षांच्या बसण्याने मधोमध गुळगुळीत झालेल्या. मांडणीचे खांबही सागाचेच. ते सगळं भंगारवाल्यासाठी दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेलं माणिकरावांनी पाहिलं, आणि तासाभरात ते हातगाडीवरून आमच्या अंगणात आलं.

"माह्या बापानं ह्या फळ्यायवर बसून जिंदगी काढली," ते मला म्हणाले. "मले नाई जमलं. पन लाकूड बसाच्या कामाचं हाये."

"सुताराला बोलवा मग," मी म्हटलं.

"सुताराले काऊन? कापाचंच तं हाये. जिंदगीभर तेच केलं."

इथून पुढे माझ्या शांततेचे धिंडवडे निघाले. हत्यारं म्हणाल तर एक मागून आणलेली करवत, बाजारातून घेतलेला रंधा, एक पटाशी आणि घरातली हातोडी. पेन्सिलऐवजी शिंप्याचा खडू. मापाला दुकानातली मीटरपट्टी, पितळी टोकांची. सुरुवातीला करवतीऐवजी त्यांचा हात सवयीने खिशातल्या कात्रीकडे जायचा आणि मग ते स्वतःवरच चिडायचे.

फळ्या खिळ्यांनी भरलेल्या. काही वाकलेले, काही आतच मोडलेले. दोन दिवस नुसते खिळे उपसले. मी वह्या तपासायला बसले की तिकडून किर्र. कान बंद करून पुन्हा वाचायला घेतलं की पुन्हा किर्र. आणि एका जागी काम करतील तर ते उभे शेठ कसले! रंधा चार वेळा ओढला की फाटकाशी. परत येऊन दुसरीच फळी. ती अर्धी सोडून खांबाला पटाशी. मग पाणी प्यायला आत, आणि काय करत होतो म्हणून मलाच विचारायला बाहेर. एखादी फळी एका टोकाला आरसा आणि दुसऱ्या टोकाला खडबडीत, अशी चार दिवस पडून असायची.

पण त्यांची लाकडाकडे बघायची नजर अजब होती. ती सुताराची नव्हतीच. रंधा उलटा लागून फळीचे ढलपे निघाले तेव्हा त्यांनी बोटांनी फळी चाचपली आणि काकूंना ओरडून सांगितलं, "अवं, याले बी उभा धागा अन् आडवा धागा असते! मी उलट्या धाग्यानं ओढून राह्यलतो!" त्या दिवसापासून लाकडाच्या रेघा म्हणजे धागा. खिळ्यांची भोकं बुजवायला सागाच्या बारीक गुट्ट्या ठोकल्या, ते ठिगळ. दोन फळ्यांच्या जोडाला ते शिवण म्हणत, आणि शिवण दिसली की चेहरा पाडत.

फळ्या चिकटवायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. सरस लावून त्या घट्ट आवळून ठेवायला शिकंजा लागतो, तो यांच्याकडे नाही. मी म्हटलं, आता तरी सुताराकडे जा. ते अंगणात दोन येरझाऱ्या घालून आत गेले आणि लठ्ठ्याचं, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचं, थान घेऊन आले. लठ्ठ्याचे लांब पट्टे फाडले, फळ्यांभोवती गुंडाळले, गाठ मारली, गाठीत लाटणं घातलं आणि पिळत गेले. पट्टा करकरला, फळ्या एकमेकींना भिडल्या, फटीतून सरस बाहेर आला. कापडाने लाकूड आवळलं! माझ्या तोंडून शाबास निघालं, ते मला परत घेता आलं नाही. वर वजन म्हणून त्यांनी पाटा-वरवंटा आणि घरातले गव्हाचे, तुरीच्या डाळीचे भरलेले डबे ठेवले. दोन दिवस कशालाही हात लावायचा नाही असा हुकूम. काकूंनी माझ्या डब्यातलं पीठ नेऊन पोळ्या केल्या. लाटणं पट्ट्यात अडकलेलं, म्हणून त्या बाटलीने लाटल्या.

उंचीचं माप त्यांनी माझ्या टेबलाचं घेतलं. मी वह्या तपासते तेच टेबल. मी बसलेली असताना मीटरपट्टी घेऊन आले, खाली वाकले, खडूने पट्टीवर खूण केली, आणि मी "झालं का?" विचारायच्या आत गेले. त्यांची ती चार बोटं मी त्या वेळी पाहिली होती. पण कापडाच्या दुकानात इतक्या वेळा पाहिली होती, की डोळ्याला खटकली नाहीत.

टेबल पायावर उभं राहिलं तो रविवार होता. प्रशांत आला होता. त्यानेच एका बाजूने धरून ते आत नेलं. दिसायला देखणं झालं होतं. जवसाचं तेल पिऊन सागाचा रंग मधासारखा उघडला होता, आणि मधली गुळगुळीत जागा, जिथे त्यांच्या वडिलांची बैठक होती, ती नेमकी ताटाच्या जागी आली होती. माणिकरावांनी खुर्ची ओढली आणि चक्क बसले. टेबल त्यांच्या छातीला लागलं. शाळेत वयाआधीच नाव घातलेल्या पहिलीच्या पोरासारखे ते त्यामागून आमच्याकडे बघत राहिले.

"माप तं बाईच्या टेबलाचं घेतलतं," ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकूंनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "अहो, लाकूड धुतल्यावर आटते का?"

प्रशांत बाहेर जाऊन हसला. माणिकराव उठले आणि करवत घेऊन आले. तेवढ्यात काकू "थांबा" म्हणाल्या, टेबलाचा आधार घेत खुर्चीवर चढल्यासारख्या बसल्या आणि दोन्ही पाय हळूहळू वर ओढून मांडी घातली. खाली बसणं-उठणं जमत नव्हतं, मांडी जमत होती. मांडी घातल्यावर त्या चार बोटं वर आल्या, आणि टेबल त्यांच्या कोपराशी असं बसलं की जणू माप त्यांचंच घेतलं होतं.

"पाय लोंबते ठेवून मले घास उतरत नाई," त्या म्हणाल्या. "असंच राहू द्या. एक बोट कापाचं नाई."

माणिकरावांचा चेहरा उजळला, पण काकूंचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "टेबल झालं. पन एक सांगतो. ओट्यापाशी मी उभी राहून जेवो, पाय दुखे, पन थेवढाच वेळ माह्या राहे. कोनी हाक नाई मारे. थो वेळ मी तुमाले देऊन राह्यली. मंग माह्यं होईस्तोवर तुमी उठाचं नाई."

"हव," ते म्हणाले. लगेच म्हणाले. त्यात काय मोठंसं, अशा आवाजात.

पहिल्या दिवशी वरणभातातच फाटक वाजलं आणि ते उठले. परत आले तर काकूंची खुर्ची रिकामी. काकू ताट घेऊन ओट्यापाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या, सावकाश जेवत. रागावल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मोटर, तिसऱ्या दिवशी नुसतंच काहीतरी आठवलं म्हणून. चौथ्या दिवसापासून काकूंनी टेबलावर ताट मांडलंच नाही. त्या देखण्या टेबलावर वर्तमानपत्रं आली, औषधांचे डबे आले, निवडायची मेथी आली.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग त्यांचा आला. एवढे खिळे उपसले, लाटणं पिळलं, माझ्या वह्यांचा सत्यानाश केला, आणि बसायला काय झालं? एकदा मी बोलूनही दाखवलं. ते टेबलाला पुन्हा तेल लावत होते. दर दोन दिवसांनी लावायचे. हात न थांबवता म्हणाले, "बाई, मी उठत नाई हो. उठल्यावर मले समजते का मी उठलो." हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं. बसणं मला येतं म्हणून ते सोपं आहे, असं मी धरून चालले होते.

पुढे काकूंचे गुडघे फारच बिघडले आणि सावंगीच्या इस्पितळात नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. प्रशांत दुकान सांभाळून यायचा-जायचा, माणिकराव मात्र तिथेच राहिले. मी शनिवारी शाळा सुटल्यावर भेटायला गेले. मजल्यावर पाय ठेवला तेव्हा एक नर्सबाई सहकारिणीला विचारत होती, "ते उभे काका कुठे गेले?" तिने आडनाव म्हणून विचारलं की वर्णन म्हणून, कोण जाणे. नाव तिथेही पोहोचलं होतं.

खोलीच्या दारातच मात्र मी थांबले. काकू उशीला टेकून होत्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर माणिकराव बसले होते. दोन्ही हातांत ताट. काकूंना वाकता येईना, मांडीवर ताट पेलेना, म्हणून ताट यांनी धरलेलं. काकू एक घास घ्यायच्या, खूप वेळ चावायच्या, मग दुसरा. माणिकरावांचा एक पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा खालीवर हलत होता, दारात कुणाची चाहूल लागली की मान वळत होती, पण ताट हातात. ताट हातात असलेला माणूस उठणार कसा?

जेवण झाल्यावर ते मला बाहेर सोडायला आले. जिन्यात थांबून म्हणाले, "बाई, थे लोणचं शेवटी खाते. आधी बाजूले ठेवून देते, अन् सगळं झाल्यावर थोडं थोडं बोटानं. तुमाले मालूम होतं?"

खिडकीतून मी कित्येकदा पाहिलं होतं. "नाही," मी म्हणाले.

"मले बी नाई," ते म्हणाले. एवढं बोलून बॅग माझ्या हातातून घेतली आणि माझ्यापुढे जिना उतरू लागले.

इस्पितळातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खुर्चीत बसताना पाय जमिनीला टेकलेले हवेत. काकूंनी मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर उशीकडे तोंड करून म्हणाल्या, "गुडघे नवे आले, पन मांडी गेली." त्यांना रडू येत होतं. आमच्याकडे मांडी म्हणजे नुसती बसायची तऱ्हा नव्हे. तिच्यावर पोरं झोपतात, परडीतली फुलं ओवली जातात, तीत ताट पुढे घेऊन बाई घरात बसलेली असते. ती गेली की बाई आपल्याच घरात पाहुणी होते, असं काहीतरी काकूंना म्हणायचं असावं.

माणिकरावांनी ते ऐकलं. जरा वेळ शर्टाच्या नसलेल्या बटणाशी खेळले. "चार बोटं," ते म्हणाले. "ठेवलं होतं ना म्या जास्त." आणि दुपारच्या गाडीने माझ्याबरोबर देवळीला आले.

टेबलाचे चारी पाय सारखे कापणं महाकठीण. जरा इकडेतिकडे झालं की टेबल डुगडुगतं, मग दुसरा पाय कापा, मग तिसरा, असं करत घरोघरची टेबलं चौरंग झालेली आहेत. यांनी थानाच्या आत असतात ते पुठ्ठे काढले, चार बोटं उंच होईल अशी त्यांची चळत केली, चळतीवर खडू आडवा ठेवला आणि पायाला लावून चहू बाजूंनी फिरवला. तसंच चारी पायांना. मग करवत. मी खिडकीत उभी होते. एक पाय कापून होईपर्यंत ते फाटकाशी गेले नाहीत. चौथा होईपर्यंत गेले नाहीत. घामाने शर्ट भिजला, तरी नाही. शेवटी टेबल टेकवलं तर किंचित हललंच. त्यांनी लठ्ठ्याच्या पट्ट्याचा एक तुकडा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि त्या पायाखाली सारला. टेबल थांबलं. कापलेल्या चार तुकड्यांतला एक त्यांनी मला आणून दिला. वाऱ्याने माझं दार आपटायचं, त्याला अडसर म्हणून. तो अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत माझी बदलीची ऑर्डर आली. आर्वीजवळची शाळा मी मागून घेतली होती, म्हणून तक्रार करायला जागा नव्हती. सामान आदल्या दिवशी टेम्पोने पुढे गेलं. निघायच्या दुपारी हातात एक बॅग तेवढी उरली. निरोप घ्यायला मी त्यांच्या दाराशी गेले. मनात म्हटलं, आता ही बॅग जाते हातातून, आणि आपण मागे पळायचं.

दोघं जेवत होते. काकू खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ. नव्या गुडघ्यांची अजून सवय व्हायची होती. पलीकडे माणिकराव. त्यांचं ताट कधीच रिकामं झालेलं, उजवा हात वाळून गेलेला. टेबलाखाली पाय शिवणयंत्रासारखा चालू. डाव्या हाताची बोटं सागावर ताल धरत होती. काकूंच्या ताटात थोडा भात होता, आणि कडेला लोणच्याची फोड.

"निंगाली का बाई?" काकू म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "आर्वीले गेली म्हणून विसरजो नको. येत जाजो."

मी वाकून नमस्कार केला. बॅग उचलली. माणिकरावांची नजर बॅगेवर गेली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, ते अर्धे उठले, दोन्ही तळवे टेबलावर, आणि बाहेर स्टँडच्या दिशेने गाडीचा हॉर्न वाजला. इतक्या वर्षांत त्या हॉर्नला ते घरात राहिलेले नव्हते. त्यांनी दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग काकूंच्या ताटातल्या त्या फोडीकडे पाहिलं.

आणि ते खाली बसले.

"येजो बाई," ते खुर्चीतून म्हणाले. "हळू जाजो. गाडीले वेळ हाये अजून."

मी एकटी स्टँडवर गेले. गाडीला खरंच वेळ होता. सवयीने मी खिडकीखाली बघितलं, तिथे कुणी नव्हतं, आणि माझ्या आयुष्यात निरोपाला कुणी आलं नाही म्हणून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.